पीजे (पांचट जोक)

पीजे म्हणजे समोरच्यानं कपाळावर हात मारावा म्हणून मुद्दाम मारलेला पांचट जोक. लांबवून म्हटलं तर पुअर जोक, पण लांबवून कुणी म्हणत नाही. पाणचट, फालतू, सडका, पकाऊ ही त्याचीच नावं, आणि जुन्या लोकांच्या भाषेत ही शाब्दिक कोटी, फक्त कोटी करणाऱ्याला आपण हुशार वाटावं असं वाटत असतं आणि पीजे मारणाऱ्याला तसं अजिबात वाटत नसतं. जोक भंगार आहे हे मारणाऱ्याला माहीत असतं, ऐकणाऱ्याला माहीत असतं, तरी तो मारायचा आणि शिव्या खायच्या. 'गप ए', 'उठ इथनं', 'चहाचे पैसे आता तूच दे' असल्या प्रतिक्रिया आल्या म्हणजे पीजे लागू पडला, आणि खरंच कुणी खदाखदा हसलं तर काहीतरी चुकलंय असं समजावं.

यातला माल बहुतेक श्लेषाचा असतो. श्लेष म्हणजे एकाच शब्दातनं दोन अर्थ काढायचे, आणि शब्द मधनंच तोडून दुसरा अर्थ काढला तर तो सभंग श्लेष, हे सगळं शाळेच्या व्याकरणात असतंय. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' हे त्यातलं ठरलेलं उदाहरण, जीवन म्हणजे आयुष्य पण आणि पाणी पण. हाच प्रकार पेपरात लिहिला तर मार्क आणि कट्ट्यावर केला तर मार. याशिवाय हत्ती-मुंगीचे जोक, गण्या-बंड्या-झंप्याचे जोक, आणि प्रश्न विचारून भलतंच उत्तर देणारे जोक पण याच खात्यात जातात, त्यांच्यात शब्दाचा खेळ असेलच असं नाही, वैताग मात्र तेवढाच.

सांगली-साताऱ्याकडं पीजेला तोटा नाही कारण गावांची नावंच तशी आहेत. पहिला बळी खुद्द सांगली. 'गाव कुठलं?' 'सांगली.' 'आत्ता तर विचारलं लका, सांगली कधी?' बाहेर शिकायला गेलेल्या प्रत्येक सांगलीकरानं हा ऐकलेला असतो आणि सोसलेला असतो. मग तासगाव. सांगलीपासनं तासगावला किती वेळ लागतो? अर्धा तास. मग त्याला अर्धातासगाव म्हणा की. विट्याची गाडी गेली का म्हणून स्टँडवर विचारलं तर शेजारचा दोस्त म्हणणार, विटांची गेली, आता वाळूची लागेल. वाईच्या माणसाला कितीही चांगला म्हणा, मागं ट लागला की वाईट. मिरजेची सतार प्रसिद्ध, २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं, आणि सतारीला वरच्या मुख्य तारा असतात सहा नाहीतर सात, त्यामुळं सात तारांची सतार साताऱ्यात बनायला पाहिजे, मिरजेत कशाला बनवताय, हा पीजे त्यातल्या त्यात अभ्यासू म्हणायचा. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, व्हाइसरॉयच्या नावाचा, पण पोरांच्या लेखी पुलावर शर्यत लावली तर कोण जिंकणार याचं उत्तर पुलाच्या नावातच आहे, आय-र-विन. हा जरा ओढूनताणून आहे हे मान्य, पण ओढूनताणून असणं ही इथं कमी नाही तर लायकी आहे.

सांगलीच्या हळदीवर तर किती निघतात. यार्डात हमाल दिवसभर पोती उचलून डोक्यापासनं पायापर्यंत पिवळे झालेले असतात, म्हणून म्हणायचं की इथं रोज शंभर जणांना हळद लागते आणि लग्न एकाचं पण होत नाही. पूर्वी ही हळद शेजारच्या हरिपुरात जमिनीखालच्या पेवांत साठवायचे, त्यामुळं कशाचं तरी पेव फुटलं असं कुणी बोललं की हरिपूरचा मेंबर लगेच विचारणार, कुठलं, आमचं का? २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं खरंच गेली, तरी जोक काय गेला नाही. पुराचं पण तसंच आहे. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतात. त्या दिवसात सगळे एकमेकांना फोन करून विचारत असतात पाणी किती आलंय, आणि एकतरी जण हमखास सांगतो, नळाला का? चार दिवस झाले थेंब नाही. गंमत म्हणजे ते खरंच असतं.

साताऱ्याचा हुकमी एक्का कंदी पेढा. तिकडं बोलण्यात 'कधी'चं 'कंदी' होतंय, त्यामुळं पोरगं पास झाल्यावर 'पेढं कंदी देणार?' असं विचारलं की बाप शांतपणे म्हणतो, 'व्हय, कंदीच देणार.' माझ्या मते अख्ख्या जिल्ह्यातला हा सगळ्यात चांगला पीजे, म्हणजे सगळ्यात वाईट.

जोकापेक्षा मारण्याची पद्धत महत्त्वाची. चेहरा एकदम साधा ठेवायचा, प्रश्न असा विचारायचा की खरंच काहीतरी काम आहे, आणि समोरच्याच्या तोंडात चहाचा घोट किंवा भडंगाचा बोकणा असतानाच उत्तर टाकायचं. जुने दोस्त सुरुवातीलाच ओळखतात, 'नको, नको बोलूस' म्हणून हात वर करतात, आणि ते तसं म्हणाले की तर सांगायलाच पाहिजे. नंतर स्वतः हसायचं नाही. अनोळखी माणसासमोर हा धंदा चालत नाही, कारण त्याला वाटतं याला खरंच एवढंच येतं. साहेबासमोर तर नकोच, साहेबानं मारला तर मात्र सगळं ऑफिस हसतंय, तो वेगळा विषय.

मुद्दाम उलटं ऐकायची ही खोड इथं जुनीच आहे. तमाशात गण-गवळणीनंतरच्या बतावणीत सोंगाड्या हेच करतो, सरदार एक बोलतो आणि हा त्यातला शब्द पकडून भलतीकडंच घेऊन जातो. सांगली-तासगाव रस्त्यावरच्या कवलापूरचे तमाशातले काळू-बाळू तर सख्खे जुळे भाऊ, दोघांना एकत्र उभं केलं की निम्मा जोक बोलण्याआधीच झालेला असायचा. कोट्यांसाठी ज्यांचं नाव पहिलं निघतं ते पु. ल. देशपांडे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलेले, कॉलेज १९१९ चं आणि पु.ल. पण १९१९ चेच, म्हणजे वर्गमित्रच म्हणायचे. (हा धरू नये.)

बाहेरच्या देशात पण हे आहेच. अमेरिकेत याला डॅड जोक म्हणतात, म्हणजे बापानं पोरांच्या दोस्तांसमोर मारून पोरांना लाज आणायची, आणि टेक्सासातल्या ऑस्टिन गावात १९७८ पासनं कोट्यांची स्पर्धाच भरते. जपानमध्ये हा आरोप मध्यमवयीन काकांवर आहे. आपल्याकडं वयाची अट नाही, चौथीतलं पोरगं आणि रिटायर मास्तर एकाच पातळीवर येतात.

एसएमएसच्या जमान्यात दिवसाचे फुकट मेसेज संपवायला पीजे पाठवायचे, आता ग्रुपवर सकाळच्या सुविचाराखाली येतात. पण फॉरवर्ड केलेल्या पीजेला मान नाही, तो तिथल्या तिथं, चालू बोलण्यातनं निघायला लागतो. शिवाय कंदी पेढ्याचा जोक टाइप करून पुण्याच्या मित्राला पाठवला तर तो विचारतो, म्हणजे? मग साताऱ्यात कधीला काय म्हणतात इथनं सुरुवात करायची, तीन मेसेज लिहायचे, आणि एवढं झाल्यावर तो लिहितो, 'अच्छा.'