स्क्रीनप्रिंट, पॉप आर्टमधील

चौकटीवर ताणलेल्या जाळीच्या उघड्या छिद्रांतून शाई दाबून काढलेले, आणि जाहिराती, वेष्टने, नटनट्यांची छायाचित्रे, यंत्रांच्या आकृत्या अशा बाजारी व औद्योगिक प्रतिमांवर उभारलेले मुद्राचित्र. पॉप आर्ट म्हणजे अशा रोजच्या, लोकप्रिय प्रतिमांनाच चित्रविषय करणारी कलाचळवळ. ब्रिटन व अमेरिकेत १९६० नंतर हे मुद्राचित्र विशेष रुळले.

तंत्राच्या उगमाविषयी दुमत आहे. एक पक्ष त्याचे मूळ जपानी कातागामीत, म्हणजे कापडछपाईच्या कागदी साच्यांत पाहतो. तुतीच्या सालीचा कागद टेंभुर्णीच्या कुळातील फळाचा रस पाजून टिकाऊ करीत. कोरलेल्या साच्याचे नाजूक भाग हलू नयेत म्हणून त्यांवर बारीक रेशमी धागे बसवीत. या धाग्यांचीच पुढे जाळी झाली, असे हा पक्ष मानतो. दुसरा पक्ष मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांच्या १९०७ च्या पेटंटपासून आरंभ धरतो. कातागामीतील धागे आधारापुरते होते, रंग गाळण्यासाठी नव्हते. त्यामुळे सलग विणीच्या जाळीपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बायक्रोमेट हा क्षार मिसळलेला जिलेटिनसारखा लेप प्रकाशाने कडक होतो व न कडकलेला भाग पाण्याने धुऊन जातो. या गुणामुळे, साधारणपणे पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे, छायाचित्र जाळीवर उतरवता येऊ लागले. पॉप चित्रकारांनी उचलली ती ही सोय.

अमेरिकन पॉप चित्रकार अँडी वॉरहॉल यांनी छायाचित्रीय जाळी १९६२ पासून वापरली. त्यांची त्याच वर्षीची सूपच्या डब्यांची ३२ चित्रे मात्र मुख्यतः हाताने रंगवलेली आहेत. डब्यांचा मुद्रित संच १९६८ चा. औद्योगिक प्रतिमांच्या दृष्टीने ब्रिटिश कलावंत एदुआर्दो पाओलोत्झी यांचा ‘ॲज इज व्हेन’ (१९६५) हा बारा मुद्राचित्रांचा संच अधिक महत्त्वाचा आहे. लंडनच्या केल्प्रा स्टुडिओत ख्रिस प्रेटर यांनी तो छापला. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइन यांचे जीवन व लेखन हा त्याचा विषय.

पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने निघालेल्या चित्रशाळेची (१८७८) रंगीत देवादिकांची चित्रे घरोघरी पोहोचली. पुढे रविवर्मा छापखाना मुंबईहून लोणावळ्याजवळील मळवलीस आला. या छापील चित्रांना पॉप आर्टचे पूर्वज ठरवण्याचा मोह होतो; पण ती शिळाछपाई होती, तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाही या तत्त्वावरची. शिवाय पॉप आर्टमधली बाजाराकडे पाहण्याची तिरकी नजर तिच्यात नाही. जाळीची छपाई पुणे शहरात लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, स्टिकर यांसाठी, तर पिंपरी-चिंचवड पट्ट्यात यंत्रांच्या नावपट्ट्या व पॅनेलसाठी चालते. इमल्शन (जाळीवरचा प्रकाशसंवेदी लेप), एक्स्पोज (त्यावर प्रकाश पाडणे), स्क्वीजी (शाई दाबून ओढण्याची रबरी पट्टी) हे शब्द कारागीर आणि कलाविद्यार्थी दोघेही सारखेच वापरतात.