तिसऱ्या दिवशी दूध येतं

बाळ पोटातच दगावलं की घरातली माणसं आधी बाळंतविडा उचलून आत ठेवतात. पाळणा माळ्यावर जातो. डिंकाचे लाडू, शेकशेगडी, तेल लावणं, पाचवीची तयारी, सगळं थांबतं. बाळच नाही तर बाळंतपण कसलं, असं धरून चालतात. आणि तिसऱ्या दिवशी त्या आईची छाती दगडासारखी घट्ट होते, ब्लाऊज भिजतो. असं होणार हे तिला बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं.

दूध येण्याची किल्ली वारेत, म्हणजे नाळेमार्फत बाळाला पोसणाऱ्या अवयवात, आहे. गरोदरपणात वार प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ते दुधाला थोपवून धरतं. वार पडली की ते झपाट्याने उतरतं, दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन संप्रेरकाला वाट मोकळी होते आणि दोन ते चार दिवसांत दूध भरतं. बाळ रडलं की नाही, याच्याशी या यंत्रणेचा संबंध नाही. पाचव्या महिन्यात बाळ गेलं तरीही दूध येऊ शकतं.

याबद्दल दवाखान्यातून निघण्याआधीच बोलायला हवं. कॅबरगोलिनची गोळी पहिल्या दिवशी दिली तर दूध बहुधा येत नाही. रक्तदाब वाढलेला असेल तर मात्र ती टाळतात, आणि बाळ पोटातच दगावण्यामागे वाढलेला रक्तदाब हे एक मोठं कारण असतं. अशा वेळी थंड पट्ट्या, आधार देणारी ब्रा आणि ठणका कमी होण्यापुरतंच दूध पिळून काढणं, एवढं करता येतं. काही आयांना ते दूध दुसऱ्या बाळाला द्यावंसं वाटतं. मुंबईत शीवच्या रुग्णालयात 1989 पासून मातृदुग्धपेढी आहे. काय करायचं ते आईने ठरवावं, पण त्यासाठी तिला कुणीतरी विचारलं पाहिजे.

आणि ती बाळंतीणच असते, हे मला घरातल्या मोठ्या बायकांना हात जोडून सांगावंसं वाटतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पायात रक्ताच्या गुठळ्या, बाळंतपणानंतर चढणारा रक्तदाब, यातलं काहीही बाळ नाही म्हणून टळत नाही. लाडू काढा, अंग शेका, सहा आठवड्यांनी तपासणीला न्या.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाला जुनी माणसं अजून थोरला दवाखाना म्हणतात. गगनबावडा, शाहूवाडी, आजऱ्याकडच्या जोखमीच्या बाळंतिणी अशा मोठ्या दवाखान्यांत पोचतात, तेव्हा रात्र झालेली असते आणि कधी कधी उशीरही. सोनोग्राफीत ठोके लागत नाहीत. तिथून पुढचे काही तास त्या बाईला जन्मभर लक्षात राहतात. ‘बाळ गेलंय’ हे डॉक्टरने बसून, नवऱ्याला किंवा तिच्या आईला जवळ ठेवून, स्पष्ट शब्दांत सांगावं. नुसतं ‘ठोके कमी आहेत’ म्हटलं की ती आशा धरून बसते. खाट इतर बाळांच्या रडण्यापासून लांब असावी. केसपेपरवर ठळक खूण असावी, म्हणजे पाळी बदलून आलेली मावशी ‘मुलगा का मुलगी? पेढे कुठायत?’ असं विचारणार नाही. यातल्या कशालाही यंत्र लागत नाही.

बाळ दाखवावं का? आपल्याकडे ‘बघू नगंस, जीव गुंततोय’ म्हणतात, आणि बाप नि मामा दुपट्यात गुंडाळून मूठमाती देऊन येतात. कुठे पुरलं हेही पुष्कळ आयांना माहीत नसतं. शास्त्रात इथे एकमत नव्हतं. 2002 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासात बाळ कुशीत घेतलेल्या आयांना पुढच्या गरोदरपणात नैराश्य जास्त दिसलं. नंतर स्वीडनमधल्या अभ्यासांनी वेगळं चित्र दाखवलं. आता बहुतेक तज्ज्ञ सांगतात की सक्ती नको आणि मनाईही नको. बाळ कसं दिसतंय ते आधी सांगावं, मग विचारावं, आणि ती नाही म्हणाली तर थोड्या वेळाने पुन्हा एकदा विचारावं. अंगठ्यासाठी शाईचा पॅड बहुतेक वॉर्डांत असतो. त्यावर बाळाची पावलं टेकवून घेतलेला कागद पाकिटात घालून ठेवला, तर आई तो वर्षभरानेही मागू शकते.

एक निर्णय तर तासाभरातच घ्यावा लागतो. वार टाकून द्यायची की तपासणीला पाठवायची? कारण कळलं नाही की आई ते स्वतःत शोधते. पपई खाल्ली म्हणून, ग्रहण पाळलं नाही म्हणून, गाडीवरून गेले म्हणून. वारेची तपासणी, बाळाचं वजन, शक्य असेल तर शवविच्छेदन यांतून कारण पुष्कळदा सापडतं: वार आधीच सुटणं, बाळाची वाढ खुंटणं, साखर, संसर्ग. नाही सापडलं, तरी ‘तुमच्या हातून काही चुकलेलं नाही’ हे डॉक्टरच्या तोंडून ऐकणं फार मोलाचं असतं. 2021 मध्ये जगात सुमारे 19 लाख बाळं मृत जन्मली, आणि अशा मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून जास्त प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर होतात. तिथे प्रश्न वेळेवर मिळणाऱ्या उपचारांचा असतो. पपईला त्यात जागा नाही.

कायद्यानेही हे बाळ मोजलं आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात मृतजन्माची नोंद करावी लागते. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने ‘मूल’ या शब्दात मृत जन्मलेलं मूलही धरलं होतं. केंद्र सरकारी कर्मचारी महिलांना 2022 पासून अशा वेळी 60 दिवसांची विशेष रजा आहे.

‘विसर आता, दुसरं होईल’ हे सगळे मायेनेच म्हणतात. पण 1996 मध्ये शास्त्रज्ञांना एका आईच्या रक्तात, मुलगा पोटात असतानाच्या त्याच्या पेशी 27 वर्षांनीही सापडल्या. बापाच्या दुःखाला तर शारीरिक खूणही नसते. स्मशानातून आल्यावर त्याला दवाखान्याचं बिल, घरच्यांचे फोन आणि तिला सांभाळणं एवढंच दिसतं. त्यालाही एकदा बसवून विचारायला हवं.

वर्ष-दोन वर्षांनी ती पुन्हा बाह्यरुग्ण विभागात येते. बाळ हललं नाही की घाबरते, तारीख नसतानाही येते. नर्स सहज विचारते, ‘पहिलंच का?’ आणि ती गप्प होते. उत्तर केसपेपरवर प्रसूतिशास्त्राच्या भाषेत लिहिलेलं असतं: जी दोन, पी एक, एल शून्य. दुसऱ्यांदा गरोदर, एकदा बाळंत झालेली, हयात मूल नाही. नर्सने विचारण्याआधी तेवढी ओळ वाचावी.