सोयाबीनवरचा आळ आणि चरबीचे काम

सोयाबीनमध्ये ‘बायकांचे हार्मोन’ असते, त्यामुळे स्तनाचा कर्करोग होतो, हा समज नागपुरात वर्षानुवर्षे फिरतो आहे. महाल भागातल्या एका पंगतीत शेजारच्या काकूंनी पुलावातली एकेक सोयावडी वेचून ताटाच्या कडेला ठेवलेली मी पाहिली. सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भातच त्याची अशी धास्ती असावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सोयाबीनमधील आयसोफ्लेव्होन हे वनस्पतिजन्य द्रव्य इस्ट्रोजेनसारखे, म्हणजे त्या ‘बायकांच्या हार्मोन’सारखे दिसते हे खरे, परंतु त्याचा प्रभाव फार क्षीण असतो. शांघायमध्ये स्तनाचा कर्करोग झालेल्या ५,०४२ स्त्रियांचा जो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात सोया अधिक खाणाऱ्यांमध्ये आजार पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण उलट कमीच आढळले.

काळजी करायची ती अंगावरच्या वाढत्या चरबीची. पाळी कायमची थांबल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन जवळजवळ येईनासे होते आणि मग चरबीतील अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर (एन्झाइम) अ‍ॅन्ड्रोजेनपासून, म्हणजे स्त्रियांच्या शरीरातही असणाऱ्या ‘पुरुषी’ हार्मोनपासून, इस्ट्रोजेन तयार करते. चरबी वाढली की तिच्यात मंद दाह धुमसू लागतो व तो या विकराला आणखी चालना देतो, तर लठ्ठपणाबरोबर वाढलेले इन्सुलिन रक्तात इस्ट्रोजेनला बांधून ठेवणारे प्रथिन घटवते. असे वाढलेले, मोकळे इस्ट्रोजेन स्तनाच्या पेशींच्या वाढीला खतपाणी घालते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये लठ्ठपणाशी जोडलेल्या १३ कर्करोगांत पाळी गेल्यानंतरच्या स्तनाच्या कर्करोगाचा समावेश केला. पाळी चालू असलेल्या वयात मात्र हे नाते इतके सरळ नाही.

सोयावडी भाजीत, पुलावात खुशाल खावी. आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.