वाशाची पट्टी आणि विम्याचा हप्ता

फ्लोरिडात घरविम्याचा हप्ता कमी करून घ्यायचा असेल तर परवानाधारक तपासनीसाला घरी बोलवावं लागतं. शिडी लावून तो छत आणि छप्पर यांच्या मधल्या पोकळीत शिरतो. तिथे ताठ उभं राहता येत नाही, उन्हाळ्यात अंगाची लाही होते. उष्णता अडवायला अंथरलेला ग्लासवूलचा थर बाजूला सारत तो भिंतीच्या कडेपर्यंत सरपटत जातो आणि छपराची लाकडी कैची, म्हणजे वाशांचा त्रिकोणी सांगाडा, जिथे भिंतीच्या माथ्यावर टेकते तिथे टॉर्च मारतो. कैची आणि भिंत यांना बांधणारी लोखंडी पट्टी आहे का? असेल तर ती कैचीच्या नुसती एका बाजूला ठोकली आहे, की वरून वळवून पलीकडे आणली आहे? नुसत्या बाजूच्या पट्टीला किमान 3 खिळे हवेत. वरून वळवलेली असेल तर अलीकडे 2 आणि पलीकडे 1. फार गंजलेली पट्टी धरली जात नाही. मग तो प्लायवूडमधून खाली डोकावणारे खिळे मोजपट्टी धरून तपासतो, फोटो काढतो आणि सरकारने ठरवून दिलेल्या फॉर्मवर खुणा करतो. हा फॉर्म 5 वर्षं चालतो, आणि त्यातल्या खुणांवरून विमा कंपनीला हप्त्यात सवलत द्यावीच लागते. राज्याचा तसा कायदा आहे.

वाऱ्यात घर कसं मोडतं हे कळलं की एवढ्याशा पट्टीसाठी आणि बोटभर खिळ्यांसाठी ही यातायात का, ते लक्षात येतं.

वारा भिंत ढकलतो, हे आपल्या अनुभवाचं असतं. तो छप्पर वर उचलतो, हे मात्र चटकन सुचत नाही. घरावरून जाताना हवेचा वेग वाढतो, छपराच्या कडांपाशी प्रवाह पृष्ठभागापासून सुटून भोवरे तयार होतात आणि तिथे दाब एकदम घटतो. छपराखालची हवा मात्र आपल्या जागी असते. त्यामुळे छपरावर वरच्या दिशेने ओढ बसते. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी 90 किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 39 किलो भरतो, ताशी 180 किलोमीटरला 156 किलो. फ्लोरिडातल्या साध्या लाकडी छपराचं स्वतःचं वजन चौरस मीटरला 50 ते 75 किलोच्या आसपास असतं. म्हणजे मोठ्या वादळात छप्पर आपल्या वजनाने घरावर बसून राहत नाही, बांधून ठेवलं असेल तरच राहतं. आढ्यापाशी, कडांना आणि विशेषतः कोपऱ्यांत ही ओढ याहून दुप्पट-अडीचपट होते. वादळानंतरच्या फोटोंत छपराचा कोपरा गेलेला आणि मधला भाग शाबूत, असं वारंवार दिसतं ते यामुळेच.

आता एका खिळ्याचा हिशेब करू. छपरावर 4 फूट बाय 8 फुटांचे प्लायवूडचे तक्ते ठोकलेले असतात आणि त्याखाली साधारण दर 2 फुटांवर वासे. तक्त्याच्या मधल्या वाशांवर दर फुटाला एक खिळा असेल, तर त्या एका खिळ्याच्या वाट्याला 2 चौरस फूट छप्पर येतं. ताशी 180 किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर जवळपास 29 किलोची ओढ बसते आणि कोपऱ्यात ती 70 किलोंच्या पुढे जाते. खिळे दर 6 इंचांवर घातले की ही ओढ निम्मी होते. खिळा 2 इंचांऐवजी अडीच इंचांचा घेतला तर तो लाकडात जास्त खोल रुततो. दांड्यावर वेढ्यांसारखे कंगोरे असलेला खिळा घेतला तर उपटून निघण्याला तो जवळपास दुप्पट विरोध करतो. हे सगळं मिळून घरामागे येणारा खर्च छपराच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असतो. तरीही कित्येक घरांत ते केलेलं नसतं, कारण छपरावर एकदा शिंगल्स, म्हणजे वरच्या पातळ डांबरी खापऱ्या, बसल्या की खिळे कुणाच्याच नजरेला पडत नाहीत.

24 ऑगस्ट 1992 रोजी ते दिसले. अँड्र्यू हे हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ जमिनीवर आलं आणि फ्लोरिडात 63 हजारांच्या वर घरं नष्ट झाली. ढिगारे तपासणाऱ्या अभियंत्यांना वाशाला लागलेच नाहीत असे खिळे सापडले. प्लायवूडमधून आरपार जाऊन ते हवेत लोंबत होते. कुठे खिळ्यांच्या जागी स्टेपल मारलेले होते. दक्षिण फ्लोरिडाची बांधकाम नियमावली तेव्हा देशातल्या कडक नियमावल्यांत गणली जायची. कागदावरचा नियम छपरापर्यंत पोचलाच नव्हता.

विमा धंद्यालाही हा तितकाच मोठा हादरा होता. नुकसानभरपाई साडेपंधरा अब्ज डॉलरच्या घरात गेली आणि अकराच्या आसपास कंपन्या बुडाल्या. तोवर कंपन्या मागच्या काही दशकांचे दावे बघून हप्ता ठरवत. मोठं वादळ एखाद्या गावावर कित्येक दशकांतून एकदा येतं. मधली शांत वर्षं धरून काढलेली सरासरी फसवी असते. कॅरन क्लार्क यांनी 1987 मध्ये स्थापन केलेली कंपनी संगणकावर काल्पनिक वादळं उभी करून नुकसान मोजत होती. अँड्र्यू येऊन काही तास होतात न होतात तोच त्यांनी 13 अब्ज डॉलरहून अधिक नुकसानीचा अंदाज पाठवला. तेव्हा अनेकांना तो अतिरंजित वाटला. काही महिन्यांत चित्र पालटलं आणि आज हरिकेनच्या किनाऱ्यावर अशा संगणकी प्रतिरूपांशिवाय क्वचितच कोणी हप्ता ठरवतं.

सवलतीचं मूळ याच प्रतिरूपांत आहे. संगणकात हजारो काल्पनिक वर्षं चालवायची, प्रत्येक वर्षीची वादळं एकाच जागच्या एकाच घरावरून न्यायची आणि नुकसानीची वार्षिक सरासरी काढायची. मग तेच घर, पण छोट्या खिळ्यांऐवजी मोठे खिळे, पट्टीविना कैचीऐवजी वळवलेली पट्टी, असे बदल करून पुन्हा सगळी वादळं न्यायची. दोन सरासरींतला फरक म्हणजे त्या पट्टीची विम्याच्या भाषेतली किंमत. फ्लोरिडा सरकारने 2002 मध्ये असा अभ्यास करवून घेतला आणि सवलतींचे तक्ते त्यावर बेतले गेले. एका अर्थाने इथे भौतिकशास्त्रालाच दरपत्रक लावलं आहे. मला ही कल्पना फार मोलाची वाटते. खिळा बघून न बघितल्यासारखं करण्यातच ज्या बाजारात फायदा होता, तिथे त्या खिळ्याला दरवर्षी पैसे मिळू लागले.

फॉर्मवर छपराच्या आकारालाही स्थान आहे. चौपाखी छपराला सगळ्या बाजूंनी उतार असतो, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याला सपाट तोंड मिळत नाही. दुपाखी छपराच्या दोन टोकांना उभ्या त्रिकोणी भिंती येतात. त्या आधाराविना असल्या की आत ढासळतात आणि छप्पर उघडं पडतं. चौपाखी म्हणून सवलत हवी असेल तर घराच्या परिघाचा 10 टक्क्यांहून जास्त भाग दुसऱ्या आकाराचा चालत नाही.

दारं-खिडक्यांचा मुद्दा मात्र बहुतेकांना उलटा वाटतो. काच फुटली तर पाऊस आत येईल, भिंती भिजतील, एवढंच नुकसान डोळ्यांसमोर येतं. खरा धोका वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा गॅरेजचा रुंद दरवाजा फुटल्यावर सुरू होतो. हवा आत घुसते, घराच्या आतला दाब चढतो आणि छप्पर आतून वर ढकललं जाऊ लागतं. बाहेरून ओढ असतेच, आता आतून रेटाही मिळतो. पावसाळी वाऱ्याचा झोत आत शिरला की छत्री क्षणात उलटी होते, त्यातला हा प्रकार. म्हणून मायामी-डेड परगण्यात खिडक्या-शटरची परीक्षा भलतीच कडक आहे. साधारण 4 किलोचा लाकडी दांडा सेकंदाला 50 फूट वेगाने त्यांच्यावर फेकतात. काच तडकली तरी चालेल, आरपार भोक पडता कामा नये. त्यानंतर तीच तडकलेली खिडकी दाबाच्या 9 हजार हेलकाव्यांतून जाते. वादळ एक धक्का देऊन निघून जात नाही, तासन्‌तास हलवत राहतं, म्हणून हा दुसरा टप्पा.

हे सगळं प्रत्यक्षात उपयोगी पडतं का? 2004 च्या चार्ली हरिकेननंतर शार्लट परगण्यातल्या विमा दाव्यांचा अभ्यास झाला. अँड्र्यूनंतरच्या नव्या नियमांनुसार बांधलेल्या घरांचे दावे 60 टक्क्यांनी कमी होते आणि आलेल्या दाव्यांची रक्कमही 42 टक्क्यांनी लहान होती. साउथ कॅरोलायनातल्या रिचबर्गला विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी एक प्रयोगशाळा 2010 पासून आहे. तिथे 105 पंख्यांच्या भिंतीसमोर दोन पूर्ण आकाराची घरं शेजारी-शेजारी उभी केली, एक नेहमीच्या पद्धतीचं आणि एक पट्ट्या-खिळे घालून मजबूत केलेलं. पंख्यांचा वेग वाढवत नेला तेव्हा पहिलं घर कोसळलं, दुसरं उभं राहिलं. याच संस्थेने ‘फोर्टिफाइड’ नावाचं प्रमाणपत्र काढलं आहे. त्यात कंगोऱ्यांचे खिळे, छपराच्या पक्क्या कडा आणि प्लायवूडच्या सांध्यांवर जलरोधक पट्टी असते. शिंगल्स उडाल्या तरी खालचं घर भिजू नये म्हणून ही पट्टी.

या बाबतीत अलाबामाने शहाणपणाचा मार्ग धरला असं माझं मत आहे. तिथे सवलतीच्या जोडीला जुन्या घराचं छप्पर मजबूत करायला 10 हजार डॉलरपर्यंत अनुदान मिळतं आणि काम झाल्यावर स्वतंत्र तपासनीस येऊन बघतो. प्रमाणपत्र मिळालं की हप्त्यातल्या वाऱ्याच्या हिश्श्यावर 20 ते 55 टक्के सवलत मिळते. सप्टेंबर 2020 मध्ये सॅली हरिकेन याच किनाऱ्यावर आलं, आणि पुढे त्या दाव्यांची तुलना झाली तेव्हा प्रमाणित घरांच्या दाव्यांचं प्रमाण 55 ते 74 टक्क्यांनी कमी निघालं. लुईझियानानेही 2023 मध्ये असंच अनुदान सुरू केलं. नुसत्या सवलतीने हे होत नाही, कारण वर्षाला काहीशे डॉलर वाचतील म्हणून हातावर पोट असलेला माणूस आधी 15-20 हजार डॉलर काढून देऊ शकत नाही. मग सवलती आधीच चांगल्या घरात राहणाऱ्यांना मिळतात आणि मोडकळीला आलेल्या घरात राहणारा पूर्ण हप्ता भरतो.

आपल्यापैकी अनेकांची मुलं-भावंडं टँपा, ऑर्लँडो, ह्यूस्टनकडे घरं घेऊन राहतात, म्हणून सवलतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. टक्केवारी हप्त्यातल्या फक्त वाऱ्याच्या हिश्श्याला लागते, पूर्ण हप्त्याला नाही. समजा हप्ता 4 हजार डॉलर, त्यात वाऱ्याचा हिस्सा 2,800 आणि सवलत 40 टक्के, तर वाचणार 1,120 डॉलर, 1,600 नव्हे. हरिकेनच्या दाव्यात आधी स्वतः सोसायची रक्कम वेगळी असते आणि ती बहुधा घराच्या विमा रकमेच्या 2, 5 किंवा 10 टक्के धरतात. 4 लाख डॉलरच्या घरावर 5 टक्के म्हणजे पहिले 20 हजार आपल्याच खिशातून. पुराचं पाणी तर घरविम्यात येतच नाही, त्यासाठी पूरविमा निराळा घ्यावा लागतो. हरिकेनबरोबर समुद्र आत आला तर तोही पूरच. मूळ दरच वाढला, तर सवलत शाबूत राहूनही हप्ता चढलेला दिसतो. फ्लोरिडात गेल्या काही वर्षांत पुनर्विम्याचे (विमा कंपन्या स्वतःसाठी घेतात त्या विम्याचे) दर आणि कोर्टकज्जे यांमुळे नेमकं तेच झालं. आणि फॉर्म आपणहून भरून घेतला नाही, तर घर कितीही मजबूत असलं तरी सवलत लागत नाही.

छप्पर बदलायची वेळ आली की मात्र संधी असते, कारण तेव्हाच प्लायवूड उघडं पडतं आणि जादा खिळे ठोकायला वेगळी मजुरी लागत नाही. फ्लोरिडाने 2007 पासून जुन्या घरांना नवं छप्पर घालताना खिळे पुन्हा ठोकणं सक्तीचंच केलं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला आलं. वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर, म्हणजे अँड्र्यूच्या निम्म्याहून कमी. तरी श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीत कौलं आणि पत्रे उडाले, सुपारी-नारळाच्या बागा आडव्या झाल्या. मग पंचनामे आणि सरकारी मदत. आपल्याकडे 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित घरविमा पॉलिसी मिळते आणि तिच्यात वादळ-पूर दोन्ही येतात. घर पक्कं की कच्चं इथवर चौकशी होते. वासा भिंतीला कशाने बांधला आहे, यावर हप्ता हलत नाही. ज्ञानाची उणीव आहे असं मुळीच नाही. वाऱ्याच्या भारासाठी आयएस 875 चा तिसरा भाग आहे, त्यात मुंबईला सेकंदाला 44 मीटर वेग धरायला सांगितलं आहे. लहान घरं चक्रीवादळात टिकावीत म्हणून आयएस 15498 ही स्वतंत्र मार्गदर्शिका 2004 पासून आहे.

कोकणात पावसाळ्याआधी शाकारणीला कौलं उतरतात तेव्हा वासे मोकळे होतात. त्या चार-दोन दिवसांत प्रत्येक वाशाला भिंतीच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाशी जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी वरून वळवून ठोकता येते, आणि ते लाकूड खाली भिंतीत बोल्टने धरता येतं. पत्र्याचं घर असेल तर कडेच्या आणि कोपऱ्यातल्या ओळींत पत्रा खालच्या आधाराला धरून ठेवणारे जे-हूक मधल्यापेक्षा दाट घालावेत, कारण ओढ तिथेच जास्त असते. खाऱ्या हवेत पट्टीला गंज लवकर धरतो. तेव्हा पुढच्या शाकारणीला कौलांबरोबर पट्ट्याही तपासाव्यात, आणि गंजलेली पट्टी तेव्हाच बदलून टाकावी.