हरितगृह वायू

पृथ्वीच्या पृष्ठभागावरून अवकाशाकडे निघालेले अवरक्त किरण शोषून त्यांतली काही उष्णता पुन्हा खाली पाठवणाऱ्या वातावरणातील घटकांना हरितगृह वायू म्हणतात. बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड आणि ओझोन हे त्यांपैकी प्रमुख. फ्लोरिनयुक्त वायू मात्र बहुतांशी कारखान्यांत तयार झालेले आहेत. हे वायू मुळीच नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. प्रत्यक्षात ते सुमारे १५ अंश आहे. त्यामुळे या वायूंना सरसकट प्रदूषक समजणे बरोबर नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या वाढत्या प्रमाणाचा.

कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा असतो, पण उष्णता अडवण्यात त्यांचा वाटा नगण्य. त्यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे असल्याने कंपन पावतानाही त्यांतील विद्युतभाराची वाटणी बदलत नाही आणि अवरक्त किरण शोषले जात नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा रेणू वाकतो, ताणला जातो आणि नेमक्या याच किरणांतील ऊर्जा घेतो. या वायूने भरलेली काचनळी उन्हात अधिक तापते, हे यूनिस फूट यांनी १८५६ साली दाखवले. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून अशा वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजली, तर १८९६ मध्ये स्वांते आरेनियस यांनी कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे तापमान किती चढेल याचे गणित मांडले.

सर्वांत जास्त उष्णता बाष्प अडवते. मग चर्चा कार्बन डायऑक्साइडचीच का, ही शंका रास्त आहे. बाष्प काही दिवसांत पावसाच्या रूपाने खाली येते आणि हवेत ते किती मावेल हे तापमान ठरवते: एका अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक. म्हणजे बाष्प तापमानवाढ सुरू करत नाही, सुरू झालेली वाढवते. कार्बन डायऑक्साइड मात्र असा गोठून किंवा बरसून निघून जात नाही. मानवी व्यवहारांतून बाहेर पडलेला सुमारे निम्मा वायू समुद्र, वनस्पती आणि माती सामावून घेतात. उरलेल्यातला काही अंश हजारो वर्षे हवेत राहतो. उत्सर्जनाची वाढ थांबली म्हणून साठ्याची वाढ थांबत नाही, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब आहे.

औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांतील मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून पाहता, औद्योगिक युगाआधीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा वर गेलेला नाही. ही भर माणसाचीच, याची खूण हवेतच सापडते. कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात आणि तेलात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर नष्ट होत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, उरलेला नसतो, त्यामुळे त्यांच्या धुराने हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण विरळ होते. शिवाय वातावरणाचा खालचा थर तापत असताना वरचा स्थितांबर थंड होत आहे. तापमानवाढ सूर्यामुळे असती, तर दोन्ही थर तापले असते.

मिथेन भातशेती, रवंथ करणारी जनावरे, कचराभूमी, खाणी आणि वायूगळतीतून येतो. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः नत्रयुक्त खतांमुळे वाढतो आणि शतकाहून अधिक काळ टिकतो. मिथेनचे आयुष्य जेमतेम १२ वर्षांचे, पण २० वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. म्हणूनच त्याचे उत्सर्जन घटवल्याचा परिणाम काही दशकांत दिसू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत नुसती घट पुरत नाही, निव्वळ उत्सर्जन शून्यावर यावे लागते. तसे झाले तरी समुद्राची पातळी पुढील कित्येक शतके चढत राहील.