इथिओपियन क्रूस : प्रकार, पारख आणि खरेदी

इथिओपियन ऑर्थोडॉक्स तेवाहेदो चर्चच्या परंपरेतला, जाळीदार नक्षीचा धातूचा किंवा लाकडी क्रूस. अम्हारिक भाषेत त्याला ‘मेस्केल’ म्हणतात. दरवर्षी 27 सप्टेंबरला (काही वर्षी 28 ला) येणाऱ्या, खऱ्या क्रूसाच्या शोधाच्या सणाचेही नाव तेच आहे. उत्तर इथिओपियातल्या अक्सुम या प्राचीन राज्याचा राजा एझाना याने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपल्या नाण्यांवर क्रूस आणला. तेव्हापासून हे चिन्ह या देशात अखंड घडवले जात आहे. वसई किंवा गोव्याच्या घरांतल्या क्रूसावर येशूची मूर्ती असते, इथे ती सहसा नसते. तिच्या जागी एकमेकांत गुंतलेल्या पट्ट्यांची वीण असते. सुरुवात-शेवट नसलेली ही वीण अनंत जीवनाची खूण मानतात. परदेशी प्रवासी आठवण किंवा भेट म्हणून हे क्रूस मोठ्या प्रमाणावर विकत घेतात आणि त्या व्यवहारात फसतातही.

क्रूसाचे तीन मुख्य प्रकार आहेत. मिरवणुकीचा क्रूस सर्वांत मोठा, साधारण 30 ते 60 सेंमी. खाली पोकळ नळी असते, ती लाकडी दांड्यावर बसवतात. नळीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांतून कापड ओवले जाते. 19 जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या तिमकेत या येशूच्या बाप्तिस्म्याच्या सणाच्या मिरवणुकीत हे क्रूस रस्त्यावर दिसतात. हातातला क्रूस 20 ते 40 सेंमीचा. त्याच्या मुठीच्या तळाशी बहुधा चौकोनी पाटी असते, ती ‘ताबोत’ म्हणजे वेदीवरील पवित्र पाटीची आठवण मानली जाते. पाद्री हा क्रूस भाविकाच्या कपाळाला आणि ओठांना लावून आशीर्वाद देतो. गळ्यातला क्रूस 3 ते 8 सेंमीचा असतो. बाप्तिस्म्याच्या वेळी गळ्यात बांधलेल्या ‘मातेब’ नावाच्या दोऱ्यात तो अडकवतात.

हा फरक भेट निवडताना उपयोगी पडतो. हातातला क्रूस पाद्र्याचे साधन आहे. एखाद्या इथिओपियन ऑर्थोडॉक्स कुटुंबाला तो भेट देणे म्हणजे सत्यनारायण नसलेल्या घरी भटजींची पळी-पंचपात्री नेऊन देण्यासारखे. कोणी रागावणार नाही, पण त्याचे करायचे काय, हा प्रश्न पडेल. त्यांच्यासाठी गळ्यातला क्रूसच घ्यावा. दुकानातला क्रूस ही त्यांच्या लेखी नुसती वस्तू असते. ती पाद्र्याकडे नेऊन आशीर्वादित करून घ्यायची की नाही, हे घेणाऱ्यावर सोडावे.

दुकानात ‘लालिबेला’, ‘अक्सुम’, ‘गोंदर’ अशी गावांची नावे नमुन्यांना दिलेली आढळतात. लालिबेला नमुना त्यातल्या त्यात ओळखता येतो : लंबगोल घेर आणि कडेने बाहेर आलेली टोके. ही टोके म्हणजे बारा प्रेषित असे सांगतात. लालिबेलाच्या बेते मेधाने आलेम चर्चमधला अफ्रो आयिगेबा हा सुमारे 7 किलोचा प्रसिद्ध क्रूस याच घाटाचा. तो 1997 मध्ये चोरीला गेला, बेल्जियममधल्या एका संग्राहकाकडे सापडला आणि 2001 मध्ये परत आला. बाकीची गावनावे बाजाराच्या सोयीची आहेत. त्यांच्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

घडण दोन रीतींनी होते. ओतकामात मधमाश्यांच्या मेणाचा क्रूस करतात, त्यावर माती लिंपतात, तापवून मेण वाहू देतात आणि पोकळीत पितळ किंवा चांदी ओततात. माती फोडल्याशिवाय क्रूस बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक साचा एकदाच वापरता येतो. दुसऱ्या रीतीत जाड पत्र्यावर नक्षी आखून ती बारीक करवतीने कापतात आणि कानशीने कडा साफ करतात. दोन्हींत हाताचा फरक उरतोच. म्हणून शेजारी ठेवलेल्या दोन क्रूसांवर एकाच जागी तोच खड्डा किंवा तोच ओरखडा दिसला, तर ते एका मूळ क्रूसावरून घेतलेल्या साच्यातल्या नकला समजाव्यात. नक्षीच्या छिद्रांत आतून बोटाचे नख फिरवून पाहावे. कानस लागलेली कड सपाट लागते, ओतून तशीच सोडलेली खरखरीत. मिरवणुकीच्या क्रूसात कड्यांचा डाख आधी तपासावा, कारण तो तिथेच सुटतो.

चांदीची गोष्ट थोडी वेगळी आहे. इथिओपियात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑस्ट्रियाचा मारिया तेरेसा थॅलर चलनात होता : 28.07 ग्रॅम वजन, 833 टंच, आणि 1780 नंतर कधीही पाडला तरी साल 1780 च. सोनार हीच नाणी आटवून क्रूस करत. 1940-41 मध्ये मुंबईच्या टाकसाळीतही हे थॅलर पाडले गेले, त्यामुळे राजधानी अदिस अबाबातल्या एखाद्या जुन्या क्रूसात मुंबईत पाडलेली चांदी असणे अशक्य नाही. आज मात्र पांढरे दिसणारे बरेचसे क्रूस जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणाचे असतात. वस्तू वाईट नसते. चांदीच्या भावाने विकली जाते, तेव्हा ती फसवणूक ठरते. शिवाय निकेलने काहींच्या गळ्यावर पुरळ येते. अम्हारिकमध्ये ‘बिर्र’ म्हणजे चांदी आणि देशाचे चलनही बिर्रच. म्हणून ‘बिर्र आहे का?’ एवढेच न विचारता टंच किती, ते विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.

लोहचुंबक इथे निरुपयोगी आहे, कारण चांदी, पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही. घनतेची परीक्षा खोलीवर बसून करता येते. त्यासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा. क्रूसाचे कोरडे वजन घ्यावे. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा आणि क्रूस बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला व काठाला टेकणार नाही, असा धरावा. काट्यावर दिसणारा आकडा म्हणजे क्रूसाचे घनफळ. कोरड्या वजनाला त्याने भागावे. थॅलरच्या चांदीला उत्तर सुमारे 10.2 येते, जर्मन सिल्व्हरला 8.7, पितळेला 8.5 च्या आसपास. 20 ग्रॅमच्या क्रूसात चांदी असेल तर काटा 1.96 दाखवेल, जर्मन सिल्व्हर असेल तर 2.3. नक्षीच्या छिद्रांत बुडबुडे अडकले तर उत्तर खाली येते, म्हणून बुडवल्यावर दोरा हलकेच झटकावा. आत पोकळ क्रूसाला ही रीत लागू नाही. सराफाकडचे टंच मशीनही मुलाम्याला फसू शकते, कारण ते पृष्ठभागच वाचते.

सर्वांत महाग चूक वयाच्या नावाने होते. ‘तीनशे वर्षांचा, मठातून आलेला’ असे सांगितलेला क्रूस बहुधा मातीत पुरून, आम्लात बुडवून किंवा धुरावर धरून जुना केलेला असतो. खरी झीज असमान असते : दोरा घासतो त्या कडीच्या आत, बिजागरीच्या खिळ्यावर, मूठ जिथे धरली जाते तिथे. सगळीकडून सारखा काळवंडलेला, पण कडीच्या आत धारदार राहिलेला क्रूस गळ्यात कधीच नव्हता.

आणि समजा तो खरोखरच जुना निघाला, तर अडचण आणखी वाढते. इथिओपियाच्या कायद्याने परवानगीशिवाय प्राचीन वारसावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत, आणि चर्चची मालमत्ता खासगीत विकत घेणे तर सरळ चोरीच्या साखळीत सामील होणे. याला इतिहासाचे ओझेही आहे. 1868 मध्ये मुंबईहून निघालेल्या ब्रिटिश-हिंदी फौजेने मग्दलाचा किल्ला घेतला आणि तिथली लूट, क्रूसांसह, ब्रिटनच्या संग्रहालयांत पोचली. अदिसच्या बोले विमानतळावर जुना दिसणारा क्रूस अडवला जातो तो या पार्श्वभूमीवर. तपासनीसाला नव्या क्रूसावरचा बनावट काळेपणा ओळखता आला नाही, तर वयासाठी मोजलेले पैसेही जातात आणि क्रूसही. म्हणून नवा, स्वच्छ घडणीचा क्रूस पावतीसह घ्यावा. त्याच्या रूपाने शंका येण्यासारखी असेल, तर उड्डाणाच्या काही दिवस आधी अदिसमधल्या वारसा प्राधिकरणाकडून तपासून कागद घ्यावा. शेवटच्या सकाळी हे काम होत नाही.

खरेदीपूर्वी अदिस अबाबा विद्यापीठाच्या वंशविज्ञान संग्रहालयात एक तास घालवावा. तिथला क्रूसांचा संग्रह पाहिल्यावर दुकानातली सैल नक्षी लगेच खटकते. राजधानीत चर्चिल मार्गावरच्या दुकानांत आणि मेर्कातो बाजारात निवड भरपूर मिळते. लालिबेला आणि अक्सुममध्ये कारागिराकडूनच घेता येते, मात्र अलीकडच्या संघर्षांमुळे तिथल्या प्रवासाची स्थिती आधी पाहावी लागते. जुलै 2024 पासून बिर्रचा दर बाजारावर सोडला आहे, म्हणून जुन्या प्रवासवर्णनांतले भाव धरून घासाघीस करू नये. चांदीचा क्रूस असेल तर धातूचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी विचारावी, जशी आपण सराफाकडे विचारतो. चर्चमध्ये पाद्री क्रूस हातात धरून दाखवतो, तेव्हा त्याची किंमत विचारणे अपमानास्पद आहे. छायाचित्राची परवानगी घ्यावी आणि थोडी दक्षिणा ठेवावी.

लाकडी क्रूस स्वस्त आणि हलके असतात, पण आडवे हात लाकडाच्या रेषेला काटकोनात येत असल्याने तिथेच तुटतात. बारीक भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली, तर कीड जिवंत आहे. असा क्रूस घेऊ नये. धातूचा मोठा क्रूस मिरवणुकीच्या कापडातच गुंडाळून सामानाच्या पेटीत मधोमध ठेवावा. टोकदार असल्याने हातातल्या सामानात तो अडवला जाण्याची शक्यता असते. घरी आल्यावर पितळेचा क्रूस चिंचेने लख्ख करण्याचा मोह टाळावा : रेषांत बसलेला काळपटपणा गेला की नक्षी वाचताच येत नाही. कोरड्या सुती कापडाने उंचवटे पुसले तरी पुरते.