चिकित्सक विचार

चिकित्सक विचार म्हणजे एखादे मत स्वीकारण्यापूर्वी किंवा नाकारण्यापूर्वी ते कशाच्या आधारावर उभे आहे, तो आधार पुरेसा आहे का आणि त्याच्या विरोधात जाणारे काही आढळते का, हे शिस्तीने तपासण्याची पद्धती. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये ‘चिंतनशील विचार’ या नावाने तिची शैक्षणिक मांडणी केली. या पद्धतीतील अनेक संकल्पना मात्र न्यायदर्शनात, म्हणजे तर्क व ज्ञानाची साधने यांचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, त्याच्या कितीतरी आधी बारकाईने विकसित झाल्या होत्या.

विचार तपासण्याचे मूळ एकक म्हणजे युक्तिवाद. त्यात एक किंवा अधिक आधारविधाने आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष असतो. ‘सर्व मासे कल्ल्यांनी श्वास घेतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा कल्ल्यांनी श्वास घेतो’ या युक्तिवादाची रचना निर्दोष आहे, परंतु देवमासा सस्तन प्राणी असल्यामुळे दुसरे आधारविधान असत्य ठरते आणि निष्कर्षही चुकतो. रचनेची वैधता आणि विधानांची सत्यता या दोन स्वतंत्र बाबी आहेत. नवशिक्यांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पटणारा निष्कर्ष दिसला की रचनेकडे दुर्लक्ष होते आणि न पटणारा दिसला की चांगली रचनाही सदोष वाटू लागते. निगामी युक्तिवादात वैध रचना आणि सत्य आधारविधाने असतील तर निष्कर्ष अटळ असतो. विगामी युक्तिवादात, म्हणजे पाहिलेल्या उदाहरणांवरून सर्वसाधारण नियमाकडे जाताना, तो केवळ कमीअधिक संभाव्य असतो.

न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विचारात घ्यायचे विषय, सांगितले आहेत आणि त्यांत संशयाला स्वतंत्र स्थान आहे. अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (त्याचे कारण), उदाहरण, उपनय (उदाहरणातील नियम प्रस्तुत प्रसंगाला लावणे) व निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव मानले जातात. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ‘जेथे धूर तेथे अग्नी’ ही व्याप्ती, म्हणजे दोहोंचा अपवादरहित संबंध, या अनुमानाचा कणा आहे आणि तिची परीक्षा व्यभिचार शोधून, म्हणजे हेतू (येथे धूर) आहे पण साध्य (येथे अग्नी) नाही असे एखादे स्थळ सापडते का हे पाहून होते. हेच अनुमान उलटे केले, अग्नीवरून धुराचा निष्कर्ष काढला, की ते कोसळते. कारण तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिक येथेच थांबत नाहीत. अग्नीबरोबर धूर दिसतो तेव्हा ओल्या सरपणाचा संयोग असतो, हे ते दाखवून देतात आणि या लपलेल्या अटीला ‘उपाधी’ म्हणतात. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळतात असे आढळले, तर ते शिकवणीमुळे की घरच्या सुस्थितीमुळे, हा प्रश्न उपाधीचाच आहे.

चर्चेच्या प्रकारांतही न्यायदर्शन भेद करते. सत्यनिर्णयासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करणारी ती वितंडा. वक्त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या माथी मारून त्याचे खंडन करणे म्हणजे छल.

विरोधी उदाहरण शोधणे माणसाला सहज जमत नाही, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० मधील प्रयोगात दाखवले. ‘२, ४, ६’ हे त्रिक एका नियमात बसते, तो नियम स्वतः त्रिके सुचवून ओळखावा, असे सहभागींना सांगण्यात आले. ‘दोनदोनने वाढणाऱ्या सम संख्या’ असा कयास बांधून पुष्कळांनी ‘८, १०, १२’ यांसारखी त्रिके सुचवली आणि प्रत्येक वेळी होकार मिळाल्याने त्यांची खात्री वाढत गेली. प्रत्यक्षात नियम फक्त चढत्या क्रमाचा होता. ‘१, २, ३’ एवढे विचारले असते तरी तो कयास खोटा ठरला असता.

महाराष्ट्रात विरोधी उदाहरणांनाही वाव देण्याच्या तत्त्वाचा उत्तम वापर जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतलेल्या फलज्योतिषाच्या चाचणीत दिसतो. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या प्रत्येकी १०० कुंडल्या एकत्र करून त्यांतील ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला दिल्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे ओळखण्यास सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या अचूकतेचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडवूनही सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती. केवळ हुशार मुलांच्याच कुंडल्या दिल्या असत्या, तर प्रत्येकीत बुद्धिमत्तेची चिन्हे सहज दाखवता आली असती आणि दावा कधीच कसोटीला लागला नसता. कुंडलीवरून बौद्धिक क्षमता ओळखता येते, एवढाच दावा या चाचणीने तपासला. विवाहयोग किंवा आयुर्मान यांविषयीच्या भाकितांसाठी वेगळी माहिती गोळा करावी लागेल आणि तिच्यातही फळ मिळालेली व न मिळालेली अशा दोन्ही प्रकारची उदाहरणे असावी लागतील.